नाशवंत मुद्देमाल

कायद्याच्या भाषेत सांगायचं तर आमच्या घरात अमली वनस्पतीची लागवड चालत होती. स्वयंपाकघरात, फ्रीजच्या शेजारी, जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या स्टीलच्या डब्यात. वनस्पती म्हणजे दही. मी मिरजेच्या कोर्टात वकिली करते, त्यामुळे दह्याला वनस्पती म्हणताना माझा चेहरा हलत नाही. कायद्याने उद्या म्हशीला पक्षी ठरवलं तर ती अंडी किती घालते यावर आम्ही दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करू.

दह्यावर ही वेळ कशी आली ते आधी सांगते. जुन्या कायद्यात त्या एका झाडाला बरीच नावं होती आणि प्रत्येक नावाचं नशीब वेगळं. फुलोरा म्हणजे गांजा, चीक म्हणजे चरस, आणि या दोन्हींना तुरुंग. पान म्हणजे भांग. तिला तुरुंग नाही, उलट शिवरात्रीला मान. वैद्यांकडे त्याच झाडाचं नाव विजया, म्हणजे चक्क औषध. शास्त्रज्ञांना या नावांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या लेखी झाडात शंभरावर रसायनं होती, सगळी एकमेकांची भावंडं. त्यातलं एक डोक्यात जातं आणि नशा आणतं. दुसरं, कॅनाबिडिऑल नावाचं, नशा आणत नाही. भडकलेल्या मेंदूला ते शांत करतं. आम्हाला गरज होती ती या दुसऱ्याची.

आम्हाला म्हणजे माझ्या मुलीला, रेवाला. मेंदूत काही पेशी गाडी पळवणाऱ्या असतात आणि काही ब्रेक लावणाऱ्या. ब्रेकवाल्या पेशींच्या दारातून सोडियम आत-बाहेर जाण्याचं काम ज्या जनुकावर चालतं, ते रेवाच्या बाबतीत जन्मापासून बिघडलेलं. त्यामुळे जरा ताप आला, ऊन लागलं, कधी नुसतं खूप हसू आलं, तरी तिला आकडी यायची. गोळ्यांनी आकड्या कमी व्हायच्या, थांबायच्या नाहीत. मोठी आकडी आली की जाताना काहीतरी घेऊन जायची. रेवा दोनदा ‘पाणी’ म्हणायला शिकली आणि दोनदा विसरली.

विजयेचं तेल देऊन पाहिलं होतं. एका बाटलीने गुण यायचा, दुसरीने यायचा नाही, कारण दर झाड वेगळं आणि दर पाऊस वेगळा. मग पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने झाडच काढून टाकलं. झाडातली रसायन बनवायची युक्ती, म्हणजे ते जनुक, त्यांनी उचललं आणि यीस्टमध्ये बसवलं. पाव फुगवतं त्या जातीचं यीस्ट. ते यीस्ट दह्यात सुखाने राहतं आणि दूध विरजता विरजता कॅनाबिडिऑल तयार करतं. हे रसायन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं, म्हणून ते सायीत उतरतं. भांग दुधात का घोटतात, हे लोकांना प्रयोगशाळेआधीच माहीत होतं. रोज वाटीभर दही खायचं, की झालं औषध.

झाड गेलं तसा कायदा घाबरला. दह्याला फुलोरा नाही, पान नाही, मग पकडायचं कशाला? तेव्हा नवी दुरुस्ती आली: त्या झाडाची रसायनं बनवणारा कुठलाही सजीव म्हणजे ते झाडच मानावं. दही लावणं म्हणजे लागवड. त्यासाठी परवाना, तोही एक घर, एक रुग्ण, एक डबा असा. दुसऱ्याला चमचाभर दिलं तर वाटप, आणि वाटपाला तुरुंग. देखरेखीला शहराच्या गटारांत यंत्रं बसवली. सांडपाण्यात कुठली रसायनं वाहतायत ते ही यंत्रं हुंगायची आणि कुठल्या गल्लीतून आली तेही सांगायची. आमच्याकडे त्यांना ‘नाकं’ म्हणतात.

परवाना माझ्या नावावर होता. त्याची कलमं मी तीनतीनदा वाचली होती. दही मात्र लावायच्या माझ्या सासूबाई, आक्का, आणि त्यांनी एकही कलम वाचलं नव्हतं.

पहिलं पाकीट आणायला आम्ही दोघी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर नेर्लेकरबाई रेवाला तान्ही असल्यापासून पाहत होत्या. त्यांनी आक्कांना समोर बसवून समजावलं.

“दर सोमवारी नवीन पाकीट न्यायचं. जुनं दही उरलं तर टाकून द्यायचं. त्याचं विरजण पुढे वापरायचं नाही, आणि घरातलं दुसरं दही यात मिसळायचं नाही. कळलं ना आक्का?”

“कळलं की,” आक्का म्हणाल्या.

रिक्षात बसल्यावर मला म्हणाल्या, “विरजाण टाकून द्या म्हणत्यात. शिकल्याली बाई हाय, पर संसार न्हाई वाटतं केलेला.”

आक्कांनी पुढे काय केलं ते मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे माझ्यासारखं अंधारात राहायला नको. पाकिटाचं दही पातळ लागायचं, बोटाला तार यायची, वास कडवट. रेवा एक घास घ्यायची आणि थुंकायची. मी चमच्याने कोंबायचे, मल्लू, म्हणजे माझा नवरा मल्लिकार्जुन, तिचे हात धरायचा, आणि तिघंही रडकुंडीला यायचो. एका दुपारी आक्कांनी घरच्या दह्याचा एक चमचा त्या पाकिटाच्या दुधात घातला. दुसऱ्या दिवशी दही सुरीने कापावं असं लागलं. रेवाने वाटी चाटून पुसून दिली. मग कशाला सोमवारची वाट बघायची? आक्का रोजच्या दह्यातून रोजचं विरजण काढत राहिल्या. पाकिटं शहाण्या मुलीसारखी आणायच्या आणि मोरीत रिकामी करायच्या.

ते पाडव्याच्या सुमारास. बेंदराला आमच्या लक्षात आलं की रेवाला बऱ्याच दिवसांत मोठी आकडी आली नाही. नागपंचमीला छोट्याही थांबल्या. डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला आणि जुन्या आलेखांशेजारी ठेवून पाहिला. “इतका फरक मी कुणातच पाहिला नाही,” त्या म्हणाल्या. मला वाटलं, आमचं नशीब.

त्या वर्षी रेवा ‘पाणी’ म्हणाली आणि दसऱ्यापर्यंत विसरली नाही. मग ‘आक्का’, मग ‘नको’, मग ‘नको’ सगळ्यांनाच. तिचं डोक्यावरचं मऊ हेल्मेट काढलं. शेजारी दस्तगीरभाई शिकलगार सतारी करायचे. त्यांच्या अंगणात वाळत ठेवलेल्या भोपळ्यांवर ती हाताने ताल धरायची आणि ते तिला ओरडायचे नाहीत. मी खूश होते. कोर्टात अशिलांना उगाच चहा पाजत होते. इतकं सुख मला आधी कधी झालेलं आठवत नाही, आणि ते टिकेल असंच मी धरून चालले होते.

दस्तगीरभाईंना हाडांचा कॅन्सर होता. गोळ्यांनी दुखणं थांबत नव्हतं. पण त्यांच्या पत्नी रेहाना भाभी आमच्या दारात आल्या त्या दुखण्यासाठी नाही. उन्हाने त्यांचं दही नासलं होतं, म्हणून विरजणाला आल्या. विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत. आमच्या गल्लीत भांडण असलं तरी नाही म्हणत नाहीत. खाली मान घालून द्यायचं आणि दार लावायचं. आक्कांनी चांगलं लागणाऱ्या डब्यातला चमचा काढून दिला. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच. औषध रेवाच्या वाटीत. डब्यात होतं ते घरचं विरजण.

चार दिवसांनी भाभी वाटी परत द्यायला आल्या, रिकामी वाटी देऊ नये म्हणून तीत खजूर घालून. “आक्का, तुमचं दही लई गुणाचं बघा. हे आता झोपतात रात्रभर.” मग त्यांच्याकडून त्यांच्या जावेने नेलं. जावेकडून समोरच्या कोरेवहिनींनी. दिवाळीपर्यंत अर्ध्या गल्लीत आमचं दही लागत होतं आणि गल्लीला सुखाची झोप लागत होती.

संक्रांतीनंतर एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी नियंत्रण विभागाची गाडी थांबली. दोन माणसं गटाराचं झाकण उघडून बसली. नाकाने काहीतरी हुंगलं होतं. बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि गल्लीतल्या बायका माझ्या दारात जमल्या. वकील दारात असणं म्हणजे डॉक्टर दारात असण्यासारखं. फी न देता नाडी दाखवता येते. रेहाना भाभी सगळ्यांत पुढे होत्या.

“वकीलबाई, दह्याचं कायतरी बोलायलेत. आक्कांचं दही आम्ही नेलतं. आता काय करायचं?”

मी आक्कांकडे पाहिलं. आक्का म्हणाल्या, “विरजाणच दिलं की गं. त्यात काय?”

डोकं वकिलाचं होतं, ते लगेच चालायला लागलं. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की या बारा-पंधरा बायकांना घरं आहेत, मुलं आहेत, आणि प्रत्येकीच्या ओट्यावर तुरुंग ठेवलेला आहे. मी सांगितलं, “घरी जा. दही असेल नसेल तेवढं उकळा. नुसतं ओतू नका, उकळून ओता, वरून फिनेल ओता. भांडी, गाळणी, डाव, सगळं उकळा. चमचाभरसुद्धा ठेवू नका. मुद्देमाल सापडला नाही तर गुन्हा उभा राहत नाही.”

अर्ध्या तासात सगळ्या गल्लीला उकळलेल्या दह्याचा आंबट वास सुटला. माझ्या इतक्या वर्षांच्या वकिलीत माझा सल्ला इतका तंतोतंत कुणी पाळला नव्हता.

आमचा डबा मी ओतला नाही. तो परवान्याचा होता, तो नसता तर उलट प्रश्न आले असते. आणि तो स्वच्छ आहे, पाकिटाचाच आहे, अशी माझी खात्री होती.

निरीक्षक सदाफुले दुपारी आले. बूट दाराबाहेर काढून आत आले, रेवाला बिस्कीट दिलं, डबा सील केला, बाकीचं दूध-दुभतंही उचललं, माझी सही घेतली. सभ्य माणूस. असल्या माणसाशी भांडतासुद्धा येत नाही.

तपासणीचा अहवाल आला तेव्हा त्यांनी मला आणि डॉक्टर नेर्लेकरांना एकत्र बोलावलं. डॉक्टरांनी तो वाचला, चष्मा काढला, परत घातला.

“आक्कांनी घरचं दही मिसळलं होतं?”

“मला माहीत नव्हतं.”

“पाकिटातल्या यीस्टचं तुमच्या घरच्या दह्यातल्या रानटी यीस्टशी लग्न लागलंय,” त्या म्हणाल्या. “यीस्टमध्ये असं होतं, जुळलं की दोन पेशींची एक होते. वर तुमच्या घरच्या दह्यातले जंतू दुधातली साय फार बारीक तोडतात. आमचं यीस्ट रसायनाला एक लांब शेपूट लावतं. यांना कच्चा माल आखूड मिळाला, म्हणून यांनी आखूड शेपटाचं रसायन केलं. कॅनाबिडिऑलचं धाकटं भावंड म्हणा. रेवाच्या आकड्या त्याने थांबल्या. आमच्या औषधाने नाही, त्याने.”

“नशा येते त्याने?” मी विचारलं.

“नाही.”

“मग अडचण काय?”

उत्तर सदाफुल्यांनी दिलं. “मॅडम, परवानगीच्या यादीत लांब शेपटाचं आहे. आखूड शेपटाचं नाही. यादीत नाही ते बंदी असलेलं.” त्यांनाही ते म्हणताना बरं वाटत नव्हतं, हे कबूल करायला हवं.

कलमं माझी पाठ होती. परवानाधारकाने नियम मोडला तर परवाना कायमचा रद्द, म्हणजे रेवाला साधं पाकीटसुद्धा बंद. पण परवानाधारकाच्या नकळत घरातल्या दुसऱ्याने केलं असेल तर परवाना राहतो आणि खटला त्या दुसऱ्यावर चालतो. मी ते कलम घरी कुणाला सांगितलं नाही. दोन दिवस जेवणाच्या ताटावर नुसती बसत होते.

आक्कांनीच विषय काढला. त्या लसूण सोलत होत्या.

“तू वकील हायस. माझं नाव घातलं तर पोरीचं औषध राहतंय का, तेवढं सांग.”

“राहतं,” मी म्हणाले.

“मग घाल की. इचारतीस काय?”

“आक्का, तुरुंग आहे त्यात. जामीन लवकर मिळत नाही.”

“मीच केलंय न्हवं? खोटं कुठं लिवायचं हाय तुला.” त्यांनी लसणाची सालं पदराने गोळा केली. “तिथं गुडघ्याचं तेल लावाया देत्यात का, तेवढं इचारून ठेव.”

आक्कांचं नाव घालून माझा जबाब मी माझ्या हाताने लिहिला. दुसऱ्या कुणी लिहिला असता तर त्यात चुका राहिल्या असत्या.

मल्लूने तो वाचला आणि कागद टेबलावर ठेवला. तो आयटीआयला मुलांना वेल्डिंग शिकवतो, मुळात कमी बोलणारा. “माझ्या आईला आत घालून तू परवाना वाचवायलीस,” तो म्हणाला.

“तुझ्या मुलीचा परवाना.”

“होय. ते पण खरं हाय.”

त्यानंतर तो माझ्याशी रेवाच्या औषधाच्या वेळांपुरतं बोलू लागला. आक्कांना न्यायला गाडी आली तेव्हा सगळी गल्ली बाहेर उभी होती, पण दारातून पुढे कुणी आलं नाही. आमच्याशी संबंध दाखवू नका, हा सल्लाही माझाच होता. रेवा ‘आक्का, नको’ म्हणाली. दोन शब्द जोडून बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

परवाना राहिला आणि नवं पाकीट आलं. आमच्या प्रकरणातून धडा घेऊन प्रयोगशाळेने त्यात सुधारणा केली होती. हे यीस्ट दुसऱ्या कुणाशी जुळायचं नाही आणि आठवड्यात आपोआप मरायचं. त्याच्याशी कुणी कितीही संसार करू म्हटलं तरी उपयोग नव्हता. मी ते पातळ, तार सुटणारं दही रेवाच्या तोंडात कोंबू लागले आणि मल्लू पुन्हा तिचे हात धरू लागला.

होळीच्या सुमारास पहिली मोठी आकडी आली. डोळे वर गेले, ओठ काळेनिळे पडले, हात-पाय थांबेचनात. दवाखान्यात सुया टोचून ती थांबवली. जाग आल्यावर रेवाने माझ्याकडे पाहिलं आणि पाणी पाहिजे म्हणून हात केला. शब्द गेला होता. नंतरच्या आकडीत ‘नको’ गेला. मग आकड्या रोजच्या झाल्या आणि डोक्यावर पुन्हा हेल्मेट आलं.

“ते आखूड शेपटाचं कारखान्यात बनवता येणार नाही का?” मी डॉक्टरांना विचारलं.

“येईल. पण कुठल्या जंतूने, कुठल्या यीस्टने, कशा जोडणीने बनवलं, ते कळायला ते दही हातात हवं. अहवालात काय सापडलं ते लिहिलंय, कसं झालं ते नाही. तुमच्या घरच्या दह्यात काय होतं ते तुमच्या घरच्याच दह्याला माहीत. थोडं जरी मिळालं, चमचाभर, तरी मी पुण्याला पाठवून खास परवानगी मागेन. रेवासारखी आणखी मुलं आहेत माझ्याकडे.”

घरच्या साध्या दह्याचं विरजणही आता उरलं नव्हतं. त्या दिवशी नियंत्रणवाल्यांनी घरातलं सगळं दूध-दुभतं उचललं होतं.

मी अर्ज केला की जप्त केलेल्या डब्यातला नमुना वैद्यकीय संशोधनासाठी राखून ठेवावा. असा अर्ज आधी कुणी केला नसेल; मी तो जीव ओतून लिहिला. सदाफुल्यांनी स्वतः फोन केला.

“मॅडम, कसं सांगू. मुद्देमालाच्या नियमात नाशवंत वस्तू वेगळ्या काढल्यात. फळं, मासे, दूध, दही. त्या साठवत नाहीत, पंचनामा करून लगेच नष्ट करतात. तपासणीपुरतं घेतलं, बाकीचं त्याच आठवड्यात जाळलं.”

“दही वनस्पती होतं ना?” मी म्हणाले. “लागवड होती ना? मग नाशवंत केव्हापासून झालं?”

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “जप्त करताना वनस्पती. साठवताना दही.” ते चेष्टा करत नव्हते. नियम तसाच होता.

मग गल्ली उरली. मी कोरेवहिनींकडे गेले. त्या म्हणाल्या, “नाही हो, सगळं उकळलं, डबासुद्धा भंगारात घातला.” भाभींच्या जावेकडे गेले, तिने फ्रीज उघडून दाखवला. एकेका दाराशी मी वाटी घेऊन उभी राहत होते आणि हळू आवाजात सांगत होते की आता भ्यायचं कारण नाही, लपवून ठेवलं असेल तर सांगा, नाव कुठे येणार नाही, मी वकील म्हणून शब्द देते. कुणी खोटं बोलत नव्हतं. खोटं बोलणारा माणूस मला कळतो, आणि त्या दिवशी एक जरी खोटारडी भेटली असती तर मी तिचे पाय धरले असते.

रेहाना भाभींकडे शेवटी गेले, कारण आशा तिथेच होती. आतल्या खोलीत दस्तगीरभाई कण्हत होते. अंगणात भोपळे तसेच पडले होते.

“भाभी, तुम्ही तरी ठेवलं असेल. भाईंसाठी. एक चमचा.”

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “ठेवलं होतं, वकीलबाई. माळ्यावर, तांदळाच्या डब्यात. रात्री झोप लागंना. तुम्ही म्हणालता चमचाभरसुद्धा ठेवू नका. पहाटे उठून तेपण उकळलं. तुम्ही आमचं वाईट कशाला सांगाल?”

आतून दस्तगीरभाईंनी हाक मारली आणि त्या गेल्या.

आता माझ्या हातात एकच काम उरलं होतं, आक्कांना सोडवणं. खटल्यात माझाच जबाब असल्याने मला वकील म्हणून उभं राहता येत नव्हतं. माझे सिनियर कुरणे वकील उभे राहिले, पण अर्ज माझा होता. मुद्दा साधा होता. प्रयोगशाळेचा अहवाल आरोपीला मान्य नसेल तर दुसऱ्या नमुन्याची फेरतपासणी मागण्याचा तिला हक्क आहे. दुसरा नमुना सरकारनेच जाळला. सरकारी वकील म्हणाले, गल्लीत वाटप झालं आहे, गल्लीतून नमुना मिळू शकेल, आम्हाला मुदत द्या. तेव्हा आम्ही माझं प्रतिज्ञापत्र दाखल केलं. मी वाटी घेऊन घरोघर फिरले होते ती आई म्हणून. प्रतिज्ञापत्रात मी ते साक्षीदार म्हणून लिहिलं: अमुक घरी गेले, तमुक घरी गेले, प्रत्यक्ष पाहिलं, खात्री केली.

कुरणे साहेबांचा आवाज भारदस्त आहे. त्यांनी माझं वाक्य वाचून दाखवलं. “या पदार्थाचा एक कणही आज कुठे शिल्लक नाही आणि तो पुन्हा तयार करणंही शक्य नाही. जो पदार्थ अस्तित्वातच नाही, तो अमली होता हे आता कुणीही सिद्ध करू शकत नाही.”

न्यायाधीशबाईंनी आदेशात ते वाक्य जवळजवळ तसंच घेतलं आणि आक्कांना आरोपमुक्त केलं. बाहेर आल्यावर कुरणे साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “स्नेहल, असा अर्ज मी तीस वर्षांत लिहिला नाही,” ते म्हणाले.

आक्का सुटून आल्या त्या बारीक होऊन. गुडघ्याला तेल मिळालं नव्हतं. रिक्षात त्यांनी पहिलं विचारलं, “पोरगी जेवती का?” मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “कुणाकडं तरी चमचाभर ऱ्हायलं असंल गं. एवढ्या घरात दिलंतं. विरजाण असं समदं संपत न्हाई कधी.”

“संपलं, आक्का. मी सगळीकडे बघितलं.”

“नीट बघितलंस?”

“कोर्टाने मान्य केलंय,” मी म्हणाले. त्याहून पक्कं मला काही सांगता येत नव्हतं.

घरी रेवा खुर्चीत होती, पट्ट्याने बांधलेली. आक्का तिच्यासमोर खाली बसल्या, तिचे हात हातात घेतले, तिला हाक मारली. रेवा आवाजाकडे वळली. पण हाकेतली आक्का तिला सापडली नाही. मल्लू भिंतीला टेकून उभा होता. तो आईकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

तेवढ्यात गल्ली आली. या वेळी सगळ्या उंबरा ओलांडून आत आल्या. रेहाना भाभींनी आक्कांच्या तोंडात साखर घातली, मग माझ्या. कोरेवहिनींनी विचारलं, आता आमच्यावर तर काही येणार नाही ना. मी म्हणाले, कुणावरच काही येणार नाही, पुरावाच नाही. बायकांचे चेहरे इतक्या दिवसांनी सैल झाले. कुणीतरी चहा ठेवायला गेलं.

आक्का साखर चघळत सगळ्यांकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, “म्हंजे आपण जिंकलो का गं?”

“होय आक्का,” मी म्हणाले. “जिंकलो.”

मागे खुर्ची जमिनीवर खडखडायला लागली. मल्लू धावला, मीही धावले. बायका बाजूला झाल्या, आणि आक्का रेवाचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिल्या.